तिन्ही बाळांच्या रक्तातला जंतू

कासारवाडीच्या त्या छोट्या इस्पितळातल्या तिसऱ्या बाळाच्या रक्तातही एन्टरोबॅक्टर उगवला, तेव्हा लॅबवाल्या करिष्माने आधीच्या दोघांच्या प्लेटा शेजारी मांडून पाहिल्या. प्लेटवर तेच गुलाबी ठिपके आणि नेहमीच्या इंजेक्शनांना दाद न देण्याचा तोच माजोरीपणा. हा जंतू एरवी धडधाकट माणसाच्या पोटात बिनबोभाट नांदतो. नवजात बाळाच्या रक्तात शिरला की मात्र जिवावर उठतो. तिघांत एकच जंतू, म्हणजे तो येतही एकाच ठिकाणाहून असणार.

ठिकाण तिला कळून चुकलं होतं. बाळांच्या वॉर्डात सलाईनची एकच बाटली दिवसभर चालायची. बुचात सुई खुपसलेलीच, आणि प्रत्येक बाळाच्या शिरेतली नळी साफ करायला तिच्यातूनच पाणी ओढायचं.

तिने हे फक्त विजयश्रीताईंना सांगितलं. ताई वॉर्डच्या मुख्य सिस्टर. करिष्मा बीडहून आली तेव्हा त्यांनीच तिला दापोडीत खोली बघून दिली, महिनाभर आपल्या डब्यातलं जेवू घातलं. बाटलीची ती पद्धत ताईंनीच पाडलेली होती, हे त्या भोळीच्या ध्यानातच आलं नाही.

"बाटली मी बाजूला ठेवते," ताई म्हणाल्या. "सकाळी तपासायला ने. तोवर सरांच्या कानावर घालू नकोस."

सकाळी ट्रेमध्ये सगळ्या नव्याकोऱ्या, सीलबंद बाटल्या.

"ताई, कालची बाटली?"

"कसली बाटली गं?" ताई राउंडला आलेल्या डॉक्टरांकडे वळल्या. "सर, तिन्ही रक्तं हिनेच घेतली होती. हात धुतले नसतील. जंतू हिच्याच हातचा."

डॉक्टरांनी रिपोर्टवर 'नमुना दूषित' असा शेरा मारला आणि औषध तेच चालू ठेवलं. केसाने गळा कापला बाईने! करिष्माला रडू नाही आलं, अंगाचा तिळपापड झाला.

"सर, मला काढून टाका, पण औषध बदला. ही तिसरी पोरगी तापाने फणफणलीय. निदान पुन्हा रक्त तरी घेऊ द्या."

"घ्या," डॉक्टर नाइलाजाने म्हणाले.

तिने कोपरापर्यंत हात धुतले. पण बाळाची आजी, मोशीच्या सुभद्राबाई, दारातून सगळं ऐकत होत्या. त्यांनी नात उचलून छातीशी धरली.

"तू न्हाई. तुज्याच हातानं लागण झाली म्हनत्यात. लेकराला शिवू नगंस. ह्या सिस्टरबाई हायेत म्हनून तर पोर तगलीया. त्याच घेतील रगत."

ताईंनी हातमोजे चढवले. सुभद्राबाईंनी निर्धास्त मनाने नात त्यांच्या हाती दिली.