तारेखालची मोजणी

"शून्य." लाइनमनने कागदावर गोल काढला. "सलग सातवा सोमवार. मॅडम, एक तर पक्षी शहाणे झाले, नाहीतर माझे डोळे गेले."

"डोळे कधीच गेलेत," चहा ठेवत बायको म्हणाली. "नाकावरचा चष्मा घरभर शोधता तुम्ही."

पाहणीवाली मॅडम हसली, पण तोंडदेखलं. तळं आणि शेतं यांच्यामधून विजेची मोठी लाइन गेली होती. हिवाळ्यात दूरदेशाहून आलेले क्रौंच पक्षी पहाटेच्या धुक्यात ती ओलांडत. जाड तारा दिसल्या की उंच उडत आणि सगळ्यांत वरच्या बारीक तारेवर आदळत. ती तार लाइनमननेच ओढली होती, नोकरीत असताना. आता निवृत्तीनंतर दर सोमवारी आठ वाजता तिच्याखालून चालायचं आणि पडलेले पक्षी मोजायचे, एवढंच काम त्याच्याकडे होतं.

"उद्या अहवाल जाईल. धोका नगण्य," मॅडम म्हणाली. "म्हणजे तारेवर चमकत्या चकत्या लागणार नाहीत. काका, खरंच काही दिसलं नाही?"

"खोटं कशाला लिहू? पिसं दिसतात. पिसं मोजणीत धरायची नाहीत, असं तुम्हीच सांगितलंत."

बायको दारातच थबकली. "चकत्या पक्ष्यांसाठी असतात?"

"हो काकू. तार दिसावी म्हणून. पण मेलेले सापडले तरच लावतात."

ती दोघांना परसात घेऊन गेली. भिंतीलगत मातीचे हातहात लांबीचे उंचवटे होते, प्रत्येकाच्या उशाशी एक दगड.

"कुत्री फाडतात हो त्यांना. बघवत नाही. रोज पहाटे जाऊन उचलून आणते, सोमवारी ह्यांच्या आधी. पाय सरळ करते, देवाचं नाव घेते, माती देते." तिचा आवाज खाली गेला. "एकतीस झाले."

"अगं, मला सांगायचं तरी!"

"तुम्ही हसला असता. आणि मला वाटलं, तुमची मोजणी तारांच्या काळजीपोटी आहे."

मॅडम उंचवट्यांकडे पाहत राहिली. "हे मोजणीत धरता येणार नाहीत, काकू. कुठे पडले, कधी पडले, फोटो, काहीच नाही. पंधरा दिवस अहवाल थांबवते. त्यापुढे माझ्या हातात नाही. पण आता जो पडेल, तो तिथेच राहू द्या."

लाइनमन खाली बसला. "एकतीस," तो पुटपुटला. "माझ्याच तारेवर."

थवे आपल्या देशी परतू लागले होते. रोज आभाळ थोडं थोडं रिकामं होत गेलं. पहिल्या सोमवारी पुन्हा गोलच पडला.

मुदतीतल्या शेवटच्या सोमवारी पहाटे, लाइनच्या दुसऱ्या मनोऱ्याच्या पायथ्याशी बायकोला एक क्रौंच दिसला. मान दुमडलेली, पाय वेडेवाकडे, डोळा उघडा. फावडं ती मुद्दाम घरी ठेवून आली होती. दोन कुत्री वास घेत आली, तेव्हा काठी आपटत ती पक्ष्याशेजारी बसली. त्याचे पाय सरळ करायला हात पुढे गेला. तिने तो मागे घेतला. देवाचं नाव तेवढं घेतलं.

धुकं विरलं. आठ वाजता लाइनमन दुरून येताना दिसला, मान खाली, पाऊल मोजत. तिने हाक मारली नाही. पक्षी त्यालाच सापडायला हवा होता.

तो जवळ आला, थांबला. कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. कागद उलगडला.

"एक," तो म्हणाला.

ती काठी टेकत उठली आणि दोन्ही हात पाठीमागे धरून उभी राहिली.