उत्तराच्या डोहाळजेवणातला मोर

माझी बायको नलिनी गेली हे मला कारखान्याच्या गेटवर कळलं. चौऱ्याऐंशी सालचा जानेवारी होता. शेजारच्या द्रौपदीवहिनी तिथे उभ्या होत्या. त्या पूर्वी कधी गेटवर आल्या नव्हत्या. कांजूरमार्गला कुणाच्या तरी मुलाच्या वाढदिवसाला नलिनी फळांचं टेबल मांडायला गेली होती, तिथेच खाली बसली आणि उठली नाही, एवढं त्यांनी सांगितलं. कुठल्या हॉस्पिटलात नेलंय, असं मी विचारलं.

"भावोजी, हॉस्पिटलातून घरी आणलंय," त्या म्हणाल्या.

मी गेटवरूनच त्यांच्याबरोबर घरी निघालो.

वाढदिवस, साखरपुडे, बारशी, असं काही असलं की लोक नलिनीला बोलवायचे. कलिंगडाची टोपली, संत्र्याची फुलं आणि अननसाचा मोर ती करायची. अननस आडवा ठेवायचा, त्याची पानं म्हणजे पिसारा. अंगावर टूथपिकने हिरवी-काळी द्राक्षं टोचायची. मान गाजराची. विक्रोळीत आमच्या चाळीत मोर म्हटलं की तिचंच नाव निघायचं. तिची बारीक सुरी मी लोखंड कापायच्या तुटक्या हॅक्सॉ ब्लेडची घासून केली होती. त्याशिवाय माझं काम एकच. आमच्याकडे कोकणात भोपळ्याला पहिली चीर पुरुषाने द्यायची असते. नलिनीने तो नियम कलिंगडालाही लावला होता. कलिंगड समोर घेतलं की मला हाक मारायची आणि म्हणायची, तुम्ही नुसती चीर द्या आणि बाजूला व्हा. मी चीर द्यायचो आणि पेपर घेऊन बसायचो. पुढचं सगळं तिचं.

आम्हाला मूल नव्हतं. द्रौपदीवहिनींची उत्तरा शाळेतून आली की तिचं दप्तर आमच्याच घरात पडायचं. लग्न होऊन ती बोरीवलीला गेली. संक्रांतीला आली तेव्हा पोटुशी होती. नलिनीने तिला शब्द दिला की तुझ्या डोहाळजेवणाला असं टेबल मांडीन की तुझी सासू आठवडाभर त्याचंच बोलेल. त्याच महिन्यात नलिनी गेली.

मार्चमध्ये उत्तराचं डोहाळजेवण माहेरीच ठरलं. फळं परातीत ठेवू, तुम्ही नुसते या, असं द्रौपदीवहिनी म्हणाल्या. टेबल मी मांडणार, असं मी सांगितलं. त्या म्हणाल्या, जमेल तेवढंच करा.

मी रजा टाकली. घाटकोपरच्या बाजारातून अननस, पपया, द्राक्षं, संत्री आणि एक मोठं कलिंगड आणलं. सकाळपासून मोर करत बसलो. द्राक्षं सरळ ओळीत बसली, कारण मी फिटर आहे, ओळ धरणं हे माझं रोजचं काम. मान मात्र बसेना. खाच पाडून बसवली तर मोर खाली बघायला लागला. दुसरं गाजर घेतलं, ते मोडलं. शेवटी खाली बघणाराच राहू दिला. पपईच्या फोडींची फुलं करून त्याच्याभोवती मांडली. कलिंगडाला वेळ उरला नाही, ते टेबलाखाली राहिलं.

बायका जमल्या. उत्तराला हिरवी साडी नेसवली होती, अंगावर फुलांचे दागिने. तिला टेबलापाशी आणलं आणि सगळ्यांचं बोलणं थांबलं. मी दाराशी उभा होतो. मला वाटलं, आवडलं.

तिच्या सासूबाई जानकीबाई म्हणाल्या, "अननस आणि पपई? पोरीला सातवा चालू आहे ना?"

मला माहीत नव्हतं. पोटुशा बाईला ही दोन फळं देत नाहीत हे पुरुषाला कोण सांगतं, आणि आमच्या घरी ते कळायची वेळच आली नव्हती. मी पुढे होऊन मोर उचलायला लागलो तर चार द्राक्षं खाली पडली. एक बाई फिसकन हसली. नलिनीचा शब्द मी बुडवला, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

जानकीबाई म्हणाल्या, "राहू द्या हो. पपई आम्ही म्हाताऱ्या खाऊ. आम्हाला आता काय व्हायचंय?"

त्यावर सगळ्याच हसल्या. मलाही थोडं हसू आलं. मोर खिडकीत नेऊन ठेवला. पपईची ताटली म्हाताऱ्यांकडे गेली. टेबल रिकामं दिसायला लागलं. उत्तराने टेबलाखाली पाहिलं आणि कलिंगड वर ठेवायला सांगितलं.

"काका, चीर द्या," ती म्हणाली.

मी दिली आणि सवयीने मागे सरलो.

"कुठे चाललात? धरा इकडून."

मी धरलं. साडी सावरत तिने नलिनीच्या सुरीने काठाला दाते पाडायला घेतले. लहानपणी नलिनीशेजारी बसून तिने ते पाहिलं होतं, पण हातात सुरी कधी मिळाली नव्हती. दाते वाकडे आले. टोपलीची दांडी मध्येच तुटली, आणि टोपलीचा वाडगा झाला. त्यात आम्ही द्राक्षं आणि संत्री भरली.

"काकू आज मला ओरडली असती," उत्तरा हळूच म्हणाली.

"आधी मला," मी म्हटलं.

जानकीबाईंनी कलिंगडाची पहिली फोड तिला भरवली आणि दुसरी माझ्यापुढे केली. मी ती तिथेच उभ्याने खाल्ली.

उत्तराला मुलगी झाली. बारशाला मोर हवाच, असं तिने कळवलंय. बाळंतिणीच्या घरात अननस ठेवला तर चालेल का, ते मी या वेळी द्रौपदीवहिनींना आधी विचारून घेतलं. चालेल म्हणाल्या, तिने खायचा नाही एवढंच. गाजरं आणून रोज एक करून बघतो. मोराची मान अजून जमलेली नाही.