खळ्याआधी सोडलेला पट्टा

जुना तर मी आहेच, मित्रांनो, आणि आज मला पाहिलंत तर मी कोण हेही तुम्हाला चटकन कळणार नाही. कडा कुरतडलेल्या आहेत, भोकं रुंदावली आहेत, पितळी बक्कल हिरवं पडलं आहे. पण एके काळी भंडारा जिल्ह्यात आंधळगावजवळच्या एका लहान गावात मला लहानथोर सगळे ओळखत. मी कुत्र्याच्या गळ्यातला चामड्याचा पट्टा.

माझा जन्म चौऱ्याहत्तर सालचा. आंधळगावच्या बाजारात इश्वर नावाचा जोडे शिवणारा कारागीर बसायचा. त्याच्याकडे एक दिवस तेजराम नावाचा शेतकरी आला. वहाणा सांधायच्या होत्या, पण त्याच्या पिशवीतून एक भुरं पिलू डोकं बाहेर काढून सगळा बाजार न्याहाळत होतं. तेजराम म्हणाला, "इश्वरभाऊ, याच्यासाठी एक पट्टा करून द्या. मजबूत पाह्यजे."

इश्वरने एका जुन्या मोटेचा तुकडा काढला. विहिरीतून पाणी ओढून ओढून ते चामडं मऊ आणि चिवट झालं होतं. "हे मोटेचं चामडं हाये गा," तो म्हणाला, "पाण्यानं सडत नाही, उन्हानं तडकत नाही. पाच भोकं पाडून देतो. कुत्र वाढन तसा पट्टा वाढन." मग त्याने अरीने टाके घातले, बक्कल बसवलं आणि तेल चोळून मला तेजरामच्या हातात दिलं. तेजरामने तिथेच मला पिलाच्या गळ्यात बांधलं. पिलाने दोनदा मान झटकली आणि मग मला विसरून गेलं. पट्ट्याला यापेक्षा मोठी शाबासकी मिळत नाही.

पिलाचं नाव भुऱ्या पडलं. तेजरामची बायको रुखमा त्याला पेज पाजायची, त्याच्या कानातल्या गोचिड्या काढायची आणि वर लटक्या रागाने म्हणायची, "खाते माणसासारखा अन् काम कराले कुत्रा." हे काही खरं नव्हतं. भुऱ्या काम करत होता. तेजरामच्या धानाच्या चार बांध्या, म्हणजे भातखाचरं, होत्या. धान पिकलं की भुऱ्या रोज धुऱ्यावरून, म्हणजे मधल्या बांधावरून, फेऱ्या मारायचा आणि मीही त्याच्या गळ्यात बसून फेऱ्या मारायचो. पहिल्या भोकातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या भोकात जाता जाता आम्ही दोघं मोठे झालो.

वर्षातून एकदाच मी त्याच्या गळ्यातून उतरायचो. त्या मुलखात खळ्यावर चामडं नेत नाहीत. वहाणा बाहेर काढतात, चाबकाची चामडी वादीसुद्धा बाहेर ठेवतात, कारण खळं म्हणजे लक्ष्मीची जागा. मग माझी काय कथा! रुखमा आदल्या दिवशी खळं शेणाने सारवायची. दुसऱ्या दिवशी तेजराम बांधीतच, धानाचे भारे बैलबंडीत चढवून झाले की भुऱ्याला हाक मारायचा आणि मला सोडायचा. भुऱ्या मोकळी मान घेऊन बंडीच्या पुढे धावत खळ्यावर पोचायचा. तिथे त्याला भाकर मिळायची, नव्या तणसात, धानाच्या पेंढ्यात, लोळायला मिळायचं. मळणी संपली की मी पुन्हा त्याच्या गळ्यात. चार वर्षं हे असंच चाललं. पट्टा सुटला म्हणजे खळं लागलं, हे भुऱ्याने मनाशी पक्कं धरलं होतं. तेजरामचा हात बक्कलाकडे आला की तो आपणहून मान पुढे करायचा.

आता भोजराज पाटलांबद्दल सांगतो. तेजरामच्या बांध्या आणि खळं यांच्या मधोमध पाटलांचं वावर होतं. धानाची बंडी त्यांच्या वावरातूनच जायची, दुसरी वाट नव्हती. पाटील माणूस कडक, पण शब्दाला पक्का. त्यांच्या वावराच्या टोकाला मेलेली ढोरं टाकायची जागा होती. तिथे मोकाट कुत्र्यांची टोळी जमली. आधी ती ढोरांवर जगली, मग पाटलांच्या शेळ्यांच्या मागे लागली. एका महिन्यात तीन पिलं गेली. शेतावर शिदोरी नेणाऱ्या बायका हातात काठी घेतल्याशिवाय निघेनात. तेव्हा पाटलांनी चावडीवर सगळ्यांना बोलावलं.

"माह्या वावरात कुत्र दिसलं अन् गळ्यात पट्टा असन, तं मी मालकाले सांगाले येईन," ते म्हणाले. "पट्टा नसन तं कोणाले विचारणार नाही. मंग माह्यावर रागावू नका."

सगळ्यांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी गावात एकच धांदल उडाली. कुणी सुतळी बांधली, कुणी सायकलच्या ट्यूबची पट्टी, एकाने तर लुगड्याचा जरीकाठ बांधला आणि त्याचं कुत्रं नवरदेवासारखं मिरवू लागलं. ज्यांना आपलं कुत्रं नकोसं झालं होतं त्यांनी काहीच बांधलं नाही. अस्सल चामड्याचा मी एकटाच होतो. खरं सांगतो, तेव्हा मला गर्व झाला. माझ्यामुळे भुऱ्याचा जीव सुखरूप आहे असं मला वाटलं.

एकोणऐंशी सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. धान कापून झालं होतं, कापलेल्या मुठींच्या कडपा वाळायला बांधीतच पसरून पडल्या होत्या. त्या दिवशी दुपारी मोकाट टोळीने पाटलांच्या शेळीचं एक पिलू पाडलं. भुऱ्या धुऱ्यावरून ओरडत धावला. त्याने टोळीला तलावाच्या काठापर्यंत पिटाळलं, परत आला आणि पडलेल्या पिलाला नाकाने हलवून पाहू लागला. त्याचं तोंड रक्ताने भरलं, मीही भिजलो. नेमकं तेव्हाच पाटील तिथे पोचले. मी सगळं पाहिलं होतं, मित्रांनो. पण पट्ट्याची साक्ष कोण काढतो?

पाटलांनी काठी उचलली नाही. ते सरळ तेजरामच्या घरी आले.

"तुह्या कुत्र्यानं पिलू मारलं. गळ्यात पट्टा हाये म्हणून हात नाही लावला, तुले सांगाले आलो."

"बांधून ठेवतो जी, पाटील," तेजराम म्हणाला.

"रक्त लागलेलं कुत्र बांधून राह्यत नाही. ते हाये तवरी तुही बंडी माह्या वावरातून जाणार नाही. अन् उद्यापासून माहे दोन माणसं वावरात बसून राह्यतीन."

आभाळ भरून येत होतं. कडपांवर पाऊस पडला असता तर दाणा काळा पडला असता, कणसातच मोड आले असते. वर्षभराचं खाणं उघड्यावर पडलं होतं. रुखमा म्हणाली, "अजी, मी याले नाकाडोंगरीले नेऊन देईन. माहा भाऊ ठेवन. परवा बाजाराच्या गाडीनं जाईन. दोन दिवसाचाच तं सवाल हाये."

"बरं," तेजराम म्हणाला. तो बरं म्हणाला तेव्हा मला हायसं वाटलं. या घरात अजून कुणी दिलेला शब्द मोडताना मी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेजराम भुऱ्याला घेऊन बांधीवर गेला. आभाळ आणखी खाली उतरलं होतं. कडपा तशाच पडलेल्या होत्या. एकही भारा बांधलेला नव्हता, बंडी घरीच होती. तेजराम धुऱ्यावर बसला आणि बराच वेळ आभाळाकडे पाहत राहिला. मग त्याने हाक मारली, "भुऱ्या."

भुऱ्या आला. तेजरामचा हात बक्कलाकडे गेला आणि भुऱ्याने मान पुढे केली. शेपटी हलत होती. मला काही कळेना. बंडी कुठे आहे? भारे कुठे आहेत? मी चामड्याने जितकं घट्ट धरता येतं तितकं धरून पाहिलं, पण बक्कल उघडायला बनवलेलं असतं, ते उघडलं. तेजरामने मला सदऱ्याच्या खिशात टाकलं. भुऱ्या आनंदाने एकदा भुंकला आणि दरवर्षीसारखा खळ्याकडे सुटला, पाटलांच्या वावरातून.

खिशात अंधार होता. मला फक्त ऐकू येत होतं. आधी दोन माणसांचे आवाज, मग लाठ्यांचे, मग भुऱ्याचा. मग काहीच नाही. तेजराम जागचा हलला नाही. ज्या हाताने पाच वर्षं मला तेल चोळलं तो हात खिशावर दाबलेला होता.

थोड्या वेळाने पाटील आले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"तेजराम, तुहा कुत्रा गेला गा. माह्या माणसाईनं पट्टा नाही पाह्यला गळ्यात. पट्टा असता तं हात नसता लावला."

"सुटला असन कुठीतरी," तेजराम म्हणाला.

मी त्याच्या खिशात होतो, मित्रांनो. त्याच्या छातीला टेकून होतो. आणि तो म्हणत होता, सुटला असन. माझ्या आयुष्यात मी पाण्यात भिजलो, उन्हात तापलो, उंदरांनी मला कुरतडलं. पण त्या दोन शब्दांनी मला जे लागलं ते अजून भरलेलं नाही. ज्यांना शत्रू समजलो होतो त्या पाटलांनी आपला शब्द पाळला. शब्द मोडला तो माझ्याच धन्याने, आणि त्यासाठी त्याने मलाच हत्यार केलं.

बंडीची वाट मोकळी झाली. दुसऱ्या दिवसापर्यंत सगळं धान पुंजण्यात, म्हणजे भाऱ्यांच्या गंजीत, रचून झालं, वर तणस झाकलं, आणि मग पाऊस आला. एक दाणा वाया गेला नाही. हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर तेजरामवर अन्याय होईल. त्या वर्षी घरात पोटभर भात शिजला.

रुखमा मात्र पट्टा शोधत होती. तिला वाटलं, बाभळीच्या काट्यात अडकून सुटला असेल. तिने दोन दिवस धुरे पालथे घातले, पाटलांच्या वावरात वाकून वाकून पाहिलं. तिसऱ्या दिवशी ती धुणं घेऊन तलावावर गेली आणि सदऱ्याच्या खिशातून मी बाहेर आलो. ती धुणं तसंच टाकून घरी आली. तेजराम जेवायला बसला होता. तिने मला त्याच्या ताटाशेजारी ठेवलं.

"खळा तं मी सारवलाच नव्हता," ती म्हणाली. "मंग पट्टा काहून काढला?"

तेजरामने घास खाली ठेवला. "आभाळ पाह्यलं ना तू," तो म्हणाला. "दोन दिवस थांबलो असतो तं..."

"त्यानं मान पुढं केली असन."

तेजरामने ताट बाजूला सारलं. ती पुढे म्हणाली, "तुमी त्याले लाठी मारली असती तं तो पळून गेला असता. जीव वाचला असता त्याचा."

त्या दिवसापासून मी खुंटीवर आहे. कुणी मला तेल लावलं नाही, कुणी फेकलंही नाही. चार-पाच वर्षं अशीच गेली. मग एकदा तेजरामने तुमसरहून एक काळं पिलू आणलं. उंदरांचा, चोरट्या गुरांचा त्रास होत होता, कुत्र्यावाचून अडलं होतं. त्याने मला खुंटीवरून काढलं, फडक्याने पुसलं, बक्कल चालतं का ते पाहिलं. माझ्या मनात काय आलं ते सांगू? एका क्षणासाठी मला बरं वाटलं. पट्ट्याला गळ्यातच बरं वाटतं, काय करणार.

रुखमा चुलीपाशी होती. ती तिथूनच म्हणाली, "नका बांधू. राहू द्या त्याले सुटाच. सुट्या कुत्र्याले निदान माहीत राह्यते का आपला कोणी नाही. ते माणूस पाहून पळते."

तेजरामने मला परत खुंटीवर अडकवलं. पिलू त्याच्या पायात घुटमळत होतं. त्याने त्याच्याकडे पाहिलं नाही.

मित्रांनो, शेतात फिरणाऱ्या मोकाट कुत्र्यांचा त्रास खोटा नसतो. पाटलांची शेळीची पिलंही जीवच होती. पण मोकाट कुत्री जमिनीतून उगवत नाहीत. कुणीतरी त्यांना पट्टा बांधायचा टाळलेला असतो, किंवा बांधून मग काढलेला असतो. तुम्हाला कुत्रं पाळायचं नसेल तर पाळू नका, त्यात पाप नाही. पण एकदा पाळलंत, नाव ठेवलंत, हाताने भाकर दिलीत, तर अडचणीच्या दिवशीही त्याचे धनी राहा. बांधून ठेवा, दुसऱ्या गावी पोचवा, चार माणसांचे पाय धरा, पण त्याला फसवू नका. तुम्ही हाक मारली की ते येतं आणि मान पुढे करतं. तुमच्या मनात काय आहे, हे ते कधीच विचारत नाही.