विहिरीकडची वाट

खुरप्याखाली आणखी एक फरशी लागली, तशा उत्खननाच्या प्रमुख बाई उकिडव्या बसल्या. फरश्यांची ओळ खालच्या वस्तीतून निघून टेकडीवरच्या मालकांच्या घराकडे वळत होती.

"मावशी, तुम्ही जागा दाखवली नसती तर ही वाट सापडली नसती."

मावशी खालच्या वस्तीतल्याच; दोन महिने इथे माती उपसत होत्या. त्यांनी घमेलं खाली ठेवलं.

"आजी सांगायची. पाणी हवं तर मालकांच्या दारावरूनच जायचं, मान खाली घालून."

"पाणी खाली वस्तीतच पाच हातांवर लागतं. तरी विहीर वर, दाराशी खणली. मुद्दाम." बाई वहीत भराभर रेघा ओढत होत्या. "कुणी कुणापुढे वाकायचं, ते असं जमिनीतच आखून ठेवतात."

"ते लिहून काय होणार?"

"जगाला कळेल."

मावशी हसल्या आणि त्यांनी पुन्हा घमेलं उचललं.

अहवाल गाजला. पाठोपाठ सरकारी अधिकारी नकाशा घेऊन आला. वाट, विहीर, मालकांचं घर, सगळं आता संरक्षित. मालकांचं घर जुनं, म्हणून ते राहणार, देखभालही मालकांकडेच. वस्तीतली चाळीस घरं अलीकडची, म्हणून ती हटणार.

"अहो, पण हे सगळं या लोकांचंच..." बाई अडखळल्या.

"जागेचं महत्त्व तुम्हीच पटवून दिलंत, मॅडम," अधिकारी अदबीने म्हणाला. "या फायलीत घरं हटवण्याच्या शिफारशीवर तुमची सही तेवढी राहिलीय."

पुढच्या हंगामाच्या उत्खननाची परवानगी त्याच फायलीत होती. बाईंनी दोन्ही कागद वाचले. मग पेनाचं टोपण काढलं.

सोमवारी हटवायच्या घरांची मोजणी सुरू झाली. मोजणीची काठी धरायला रोजच्यासारख्या मावशीच आल्या. कसली मोजणी, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. एकेक घर करत त्या स्वतःच्या उंबऱ्याशी पोचल्या. दाराशी वाळत घातलेले कपडे त्यांनी लगबगीने बाजूला सारले.

"आमचं घरपण येणार तुमच्या नकाशात?"

बाईंनी मोजणीच्या दुर्बिणीवरून डोळा काढला नाही.

"येणार."

"मग नीट येऊ दे. अशी धरू?"

"थोडी डावीकडे झुकलीय. सरळ धरा, मावशी."

मावशींनी काठी दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि हलू नये म्हणून श्वाससुद्धा रोखला.