उजवा पाय

चर्चमध्ये धुऊन घ्यायचा पाय आधी घरी घासून न्यायचा, ही आमच्या धर्मग्रामातली जुनी रीत. पवित्र गुरुवारच्या संध्याकाळी फादर बारा जणांपुढे गुडघे टेकतात, प्रत्येकाच्या उजव्या पायावर पाणी ओततात, पुसतात आणि पावलाला ओठ टेकवतात. येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून. आता फादरांसमोर मळका पाय कोण धरणार? म्हणून बाराही जण दुपारपासून आपापल्या मोरीत बसून टाचा घासतात, नखं कापतात. एका वर्षी एका काकांनी पायाला इतकी पावडर थापली होती की पाणी पडल्यावर पीठच कालवलं गेलं, आणि फादरांना त्यावर ओठ टेकवावे लागले.

यंदा त्या बारांत मी होते आणि मला काही हसू येत नव्हतं. मोरीत बसून टाच घासत होते.

"अगं, रक्त!" नवरा दारात उभा राहून ओरडला.

मी खाली पाहिलं. दगडाखाली टाचेची कातडी सोलली होती आणि पाणी गुलाबी झालं होतं.

"दिसतंय मला," मी म्हटलं. "भेगा जाईपर्यंत घासायला नको? तुझ्यासारखं पाय ओले करून उठू का?"

"पाय घासतेस की भांडं?" तो पुटपुटत निघून गेला. माझ्या तोंडाला तो लागत नाही, बावीस वर्षांत शहाणा झालाय. तो गेल्यावर मी जखमेवर अंगठा दाबला, जोरात दाबला. काही नाही. दुसऱ्या कोणाच्या तरी टाचेवर दाबावा तसं.

मी शाळेची बस चालवते. अकरा वर्षं झाली. बत्तीस पोरं सकाळी घरून उचलायची, दुपारी घरी सोडायची. साखरेचा आजार तसा जुना, पण गेल्या आठ महिन्यांत उजवं पाऊल हळूहळू माझ्यातून निघून गेलं. आधी मुंग्या आल्या, मग बोटं गेली, मग तळवा. एका संध्याकाळी चप्पल रस्त्यातच कुठेतरी राहिली आणि मी अर्धी गल्ली अनवाणी चालून आले, तेव्हा काय ते समजलं. डॉक्टरांनी पायाला सुई टोचून पाहिली आणि विचारलं, "गाडी वगैरे चालवता का?"

"नाही," मी म्हणाले.

त्यांच्याकडे पुन्हा गेले नाही. घरी कोणाला सांगितलं नाही. बस मी कानांनी चालवायला लागले. इंजिनाच्या आवाजावरून कळायचं की पाय किती दाबला गेलाय. सिग्नलला मान वाकवून एकदा बघून घ्यायचं, पाय ब्रेकवरच आहे ना. एकदा बघायचं राहिलं. शाळेच्या फाटकासमोर गाडी हातभर पुढे सरकली आणि पोरांना रस्ता पार करून देणाऱ्या बाईने बॉनेटवर थाड्कन हात मारला. मी खिडकीतून तिलाच वाट्टेल ते बोलले. चूक माझी होती म्हणून तर आवाज तेवढा चढला होता. त्या दिवसापासून शेवटचं पोर उतरेपर्यंत मी दर थांब्याला दोनदा वाकून पाय बघायला लागले.

मग सांगून का टाकलं नाही, असं कोणीही विचारेल. सांगितलं की त्याच दिवशी बस जाणार. शाळेत पहिली बाई ड्रायव्हर म्हणून मला ठेवलं तेव्हा निम्म्या आयांनी नाकं मुरडली होती. आज त्याच आया 'मावशी आहेत, काळजी नाही' म्हणतात. हे वाक्य माझ्या तोंडावर म्हटलं जातं आणि मी ते ऐकत राहते. ते सोडवत नव्हतं. दुसरं काही कारण नाही.

बारांत माझी निवड झाली ती नव्या फादरांमुळे. आमच्याकडे बारा खुर्च्या बारा म्हाताऱ्यांच्या. कोणी वारला की त्याच्या मुलाला खुर्ची मिळायची. नव्या फादरांनी प्रवचनात सांगून टाकलं की यंदा बायकाही बसतील, लहान मुलंही बसतील. पुढे यादी वाचली. "पहिल्या खुर्चीवर आपल्या बसवाल्या मावशी," ते हसून म्हणाले, "ड्रायव्हर पुढेच बसतो." सगळं चर्च हसलं. फादर पाय हातात घेणार, उजेडात, शंभर लोकांसमोर. एखादा काटा रुतलेला असेल, काचेचा तुकडा असेल, मला पत्ताही नसेल.

पवित्र गुरुवारी संध्याकाळी मी मिस्साच्या उपासनेच्या थोडं आधी चर्चला पोचले. वेदीमागच्या खोलीत घंटाकाका तयारीत होते. चाळीस वर्षं चर्चची घंटा वाजवणारे, मेणबत्त्या लावणारे, पाणी तापवणारे तेच. पूर्वी गार पाणी असायचं. एका आजोबांना हुडहुडी भरली, तेव्हापासून काका किटलीत पाणी उकळतात आणि लांब चोचीच्या पितळी झारीत अर्धं गरम, अर्धं गार मिसळतात. यंदा ते घुश्श्यात होते. त्यांच्या मेव्हण्याची खुर्ची गेली होती.

"काका, डावा पाय पुढे केला तर चालतं का?" मी विचारलं.

"उजवा," ते वर न बघता म्हणाले. "कायम उजवाच. आता तेवढंही बदला. बायका काय, पोरं काय, उद्या हातही धुवा म्हणावं."

"गुडघा दुखतो हो माझा उजवा."

"मग येऊ नका. माणसं आहेत बसायला."

तेवढ्यात फादरांनी चर्चमधून हाक मारली, खुर्च्या कमी पडताहेत म्हणून. काका उकळती किटली तशीच झारीत रिकामी करून, झाकण लावून तरातरा बाहेर गेले. मी पाहिलं ते. पण माझं डोकं माझ्या पायात अडकलं होतं. गार पाणी परत येऊन घालतील, असंसुद्धा माझ्या मनात आलं नाही. मी फक्त झारीकडे बघत होते आणि पळून जायला कोणतं दार जवळ, याचा विचार करत होते.

मी पळाले नाही. पहिल्या खुर्चीवर बसले. दुसऱ्या खुर्चीवर माझ्याच बसमधली एक पोर येऊन बसली. सात वर्षांची. बसमध्ये तिला रोज खिडकीच लागते म्हणून तिचं नाव आम्ही खिडकी ठेवलंय. पांढरा फ्रॉक, पाय जमिनीला टेकत नव्हते.

"मावशी, गुदगुल्या होतील?" तिने कानाशी येऊन विचारलं.

"होतील. हसायचं नाही पण."

"तू हसणार?"

"मी मोठी आहे," मी म्हटलं.

प्रवचन संपलं. फादरांनी वरचा झगा उतरवला, कमरेला पंचा बांधला आणि माझ्यासमोर गुडघ्यावर बसले. मागे घंटाकाका झारी आणि परात घेऊन उभे. फादरांची ही पहिलीच वेळ. मी बूट काढला. बूट निघाला की नाही हे मी डोळ्यांनी पाहिलं. पाऊल परातीवर धरलं. फादरांनी झारी हातात घेतली, मोठी धार सोडली. परातीतून वाफ वर आली.

ती वाफ मी पाहिली. नाही म्हणणार नाही.

फादरांनी पंचाने पाऊल टिपलं, वाकून ओठ टेकवले आणि जरा थबकले. मान वर करून हळू आवाजात विचारलं, "मावशी, पाणी फार गरम नाही ना?"

किती सोपा प्रश्न. पण 'माहीत नाही' असं कसं म्हणायचं? स्वतःच्या पायावर पडलेलं पाणी गरम की गार हे ज्याला माहीत नाही, त्याला लोक पुढचा प्रश्न विचारतात. पुढच्या प्रश्नाच्या पुढे बस होती. माझं तोंड आपोआप उघडलं, डॉक्टरांसमोर उघडलं होतं तसंच.

"नाही फादर. बरोबर आहे."

ते हसले, सुटल्यासारखे. गुडघ्यावरच सरकून दुसऱ्या खुर्चीपुढे गेले. खिडकीने पाय पुढे केला आणि हसू दाबायला दोन्ही हात तोंडावर धरले. फादरांनी मोठी धार सोडली.

ती किंचाळली.

तसा आवाज मी चर्चमध्ये कधी ऐकला नव्हता. परात उलटली, झारी फादरांच्या हातून सुटून पायऱ्यांवरून गडगडत गेली. लोक उठून उभे राहिले. गर्दीतून तिची आई धावत आली. दवाखान्यात नर्स आहे ती. आरडाओरडा न करता तिने पोरीला उचललं आणि मागच्या खोलीतल्या नळाखाली तिचा पाय धरला. मीही एका पायात बूट घालून मागोमाग गेले. का गेले, कोण जाणे. बाहेर एकटीने उभं राहवेना.

खोलीत चार-पाच माणसं जमली. पोरीचं पाऊल वरून लालभडक झालं होतं, पण कातडी शाबूत होती. "टळलं, थोडक्यात टळलं," आई म्हणाली. घंटाकाका भिंतीला टेकून खाली बसले होते.

"गार पाणी घालायचं राहिलं," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "चाळीस वर्षांत कधी राहिलं नाही."

"वय झालं आता त्यांचं," कोणीतरी म्हणालं. "काढा त्यांना यातून."

गायनमंडळाच्या बाई माझ्या पायाकडे बघून एकदम हात जोडून उभ्या राहिल्या. माझ्या पावलावर मोठा फोड टरारून आला होता, टाचेच्या जखमेपाशी कातडी पांढरी पडून लोंबत होती. "अहो, यांच्या पायाचं बघा! आणि बाईंनी हूं की चूं केलं नाही. भक्ती म्हणतात ती ही."

दोघांतिघांनी माना डोलावल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि खरं सांगायचं तर त्याच क्षणी सुटल्यासारखंही झालं, कारण हे कारण चालून गेलं असतं. मी मान खाली घालून उभी राहिले असते तर जन्मभर चाललं असतं. घंटाकाका गेले असते, मी राहिले असते.

"बसा मावशी, तुमचंही बघते," खिडकीची आई म्हणाली. लेकीला बाकावर बसवून, तिच्या पायावर ओलं कापड टाकून ती माझ्यासमोर बसली. पाऊल मांडीवर घेतलं. जखम साफ करायला लागली. मी खिडकीकडे बघत होते. ती हुंदके देत माझ्याकडे बघत होती.

मग आईचा हात थांबला. मी खाली पाहिलं. तिचा अंगठा सोललेल्या टाचेत रुतला होता, अगदी आत. ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती.

"आई गं," मी म्हणाले.

फार उशीर झाला होता. ती मागे वळून बाकीच्यांना म्हणाली, "जरा बाहेर थांबता का सगळे? वारा येऊ दे." माणसं बाहेर गेली. घंटाकाका तेवढे जागचे हलले नाहीत. ते असून नसल्यासारखेच होते.

"मावशी, डोळे मिटा," तिचा आवाज दवाखान्यातला होता.

"कशाला?"

"मिटा तर."

मी मिटले. काळोख. काळोखात माझा पाय पोटरीपर्यंतच होता, त्याच्या खाली काही नव्हतंच.

"आता मी तुमचं कोणतं बोट धरलंय?"

पाच बोटं. अंदाजाने एक सांगितलं तरी लागू शकतं. नळ टपटपत होता. बाहेर फादर लोकांना शांत राहायला सांगत होते.

तेवढ्यात बाकावरून कुजबुज आली. शाळेत शेजारणीला उत्तर सांगतात तशी, नाक ओढत.

"मावशी, करंगळी."

तिचा पाय मी भाजला होता आणि ती मला उत्तर सांगत होती. शब्द माझ्या जिभेवर तयार होता. म्हटला की सुटले.

"मला कळत नाही," मी म्हणाले. डोळे मिटलेलेच होते, उघडायची हिंमत नव्हती. "पाण्याचं कळलं नव्हतं. वाफ दिसली होती, तरी बरोबर आहे म्हणाले. काकांची चूक नाही, फादरांना मीच खोटं सांगितलं."

"कधीपासून?" तिने विचारलं.

"आठ महिने."

"बस?"

"रोज."

मी वाट पाहत राहिले. ती ओरडेल, मुस्काटात मारेल, रडेल. काहीतरी करेल. काही झालं नाही. शेवटी मी डोळे उघडले. ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभी होती, लेकीला घट्ट छातीशी धरून. माझा पाय ओल्या फरशीवर पडला होता. तिने तो केव्हा सोडला, मला कळलं नव्हतं.