मी बिघडलेलो नव्हतो

मी एक जुना जिवाणू आहे. एकटा नव्हे, बोटाएवढ्या कुपीत आम्ही कोट्यवधी गोठून बसलोय. पण सगळे एकाच मुशीतले, म्हणून 'मी' म्हटलं तरी चालतं. कुपीवर लेबल आहे: 'बिघडलेला'. मित्रांनो, मला ते मान्य नाही.

माझ्या पोटात रायबोसोम नावाचे हजारो कारखाने आहेत. प्रथिनं तिथेच घडतात, आणि गंमत अशी, की या कारखान्यांचे सुटे भागही प्रथिनांचेच. जनुक निरोप पाठवतं, निरोपावरून भाग घडतो. प्रयोगशाळेतल्या ताईने अशा एका जनुकाच्या जादा प्रती माझ्यात घातल्या. तिला वाटलं, माल, म्हणजे तो भाग, दुप्पट होईल. तीनदा मोजला. माल तेवढाच!

"माझाच हात चुकला असेल," ती म्हणाली.

"हात कसला? हा वाणच बिघडलाय," तिचे सर म्हणाले. "शुक्रवारी फ्रीझर साफ करायचाय. जाऊ दे त्याला मावशींच्या कुकरात." लेबल त्यांनीच चिकटवलं.

त्या कुकरात प्रयोगशाळेतल्या कामवाल्या मावशी वाफेने जंतू मारतात. तिथे मी जाणार होतो, आणि ताईचे तीन महिनेही.

पण मी का ऐकावं? ते भाग कारखान्याच्या सांगाड्यावर बसतात, आणि सांगाडे मोजकेच. जागा भरल्या, की उरलेला भाग माघारी येतो आणि ज्या निरोपातून जन्मला, त्याच्याच तोंडावर ठाण मांडतो. पुरे आता! पुढचा माल बंद. अंथरूण पाहून पाय पसरायला आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही.

शुक्रवारी मावशी ट्रे घेऊन दारात उभ्या. "द्या ती कुपी. कुकर तापलाय."

"दहा मिनिटं, मावशी!"

"सकाळपासून तुमची दहा मिनिटंच चाललीत!"

ताईने या वेळी मालाऐवजी निरोप मोजले होते. कागद हाती येताच तिने मला बर्फाच्या डब्यात खुपसलं आणि सरांची खोली गाठली. मावशी ट्रेसकट मागोमाग.

"सर, निरोप दुप्पट आहेत! माल मात्र तेवढाच. म्हणजे निरोप पोचतोय, आणि हा आतून अडवतोय."

सरांनी कागद दोनदा वाचला. शेवटी म्हणाले, "मग याला कुकरात कोण घालतंय?"

"तुम्हीच की!" मावशी म्हणाल्या.

मित्रांनो, कुणी सांगितलेलं ऐकलं नाही, तर फेकण्याआधी त्याच्या पोटात काय चाललंय ते तरी बघा. उद्या चौपट प्रती घाला. मी लागतं तेवढंच घडवीन.

लेबल बर्फाने घट्ट धरलं होतं, निघेना. मग ताईने पेनने पुढे एक शब्द जोडला. हल्ली ते असं वाचतात: 'बिघडलेला कोण?'