एकवीस सालचा डॉलर

बायको गेल्यापासून माझा नाश्ता रोझेलच्याच हॉटेलात. एकट्यासाठी अंडं उकडायचं म्हटलं की घर खायला उठायचं.

ऑगस्ट लागला तेव्हा रोझेल म्हणाली, "महिनाअखेरीला हॉटेल बंद करतेय. बहिणीकडे जाईन स्पोकेनला. इथं आता माझं आहे कोण?" दुसऱ्या दिवसापासून मी तिच्याच हॉटेलात डॉलरचं नाणं ठोकायला बसलो.

आमच्या ब्यूट गावच्या खाणीतली माणसं बाईला लग्नाचं अशीच विचारायची. चांदीचा डॉलर कडेवर उभा धरायचा आणि चमच्यानं टकटक ठोकत फिरवायचा. चांदी मऊ, कड पसरत जाते. मग मध्ये भोक पाडलं की अंगठी. घरी डब्यात बापाचा एकवीस सालचा डॉलर होता, पण तो ठोकायला जीव होईना. म्हटलं, डॉलर तो डॉलर. सुट्ट्यात आलेला एक घेतला.

"काय रे पास्को, किती दिवस डोकं उठवणार आहेस?" कॉफी ओतताना ती विचारायची.

"होतंय, होतंय."

कसलं डोंबलाचं होतंय. मनगट सुजलं, कड काही हलेना. मला वाटलं, म्हातारपण.

शेवटच्या दिवशी तिची बॅग दाराशी होती. ती पहिल्यांदाच माझ्यासमोर बसली. "दाखव बघू."

तिनं डॉलर खिडकीकडे धरला. कडेवर लाल रेघ होती.

"तांबं आहे हे. वर नुसता निकेलचा पत्रा. नव्या डॉलरात चांदी कुठली? जुन्यात दहात नऊ भाग असायची."

चौतीस वर्षं मी या डोंगरातून तांबंच काढलं आणि मला ते ओळखता आलं नाही.

"तुला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. वाटलं, तुलाही ठाऊक आहे. विचारायचं काही नाही, नुसता वेळ काढतोयस."

तेव्हा तरी बोलायचं. मी मेला मख्खासारखा चमच्याकडे बघत राहिलो. बस आली.

"अंडी नीट उकडून खात जा," ती म्हणाली आणि गेली.

घरी येऊन बापाचा डॉलर काढला. पहिल्याच दिवशी कड पसरायला लागली. तीन आठवड्यांत अंगठी तयार. पाठवावी म्हटलं, तर पत्ताही विचारला नव्हता. शेवटी माझ्याच करंगळीत घातली. ती बरोबर बसली.